शाळेत गाणी घेऊन जाताय? आधी अर्धी यादी घरी ठेवा

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतलं कुणीतरी विचारतं, की आमचापण ग्रुप आहे, गाणारे-वाजवणारे पाचसहा जण आहोत, आम्हालाही तुमच्यासारखं गावातल्या शाळेत जाऊन मुलांना गाणी शिकवायचीत, तर काय तयारी करू. आणि पुढचा प्रश्न ठरलेला, गाणी कुठली घेऊ? म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. गाण्यांचं शेवटी बघा, त्याच्या आधी बरंच काही आहे आणि ते कुणी सांगत नाही.

मी डोंबिवलीचा, हौशी पेटीवाला (म्हणजे हार्मोनियमवाला), पोटापाण्याला बँकेत. आम्ही सहा जण पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातून तीनदा जातो. त्यामुळे खालचं सगळं तिकडच्या हिशोबाने आहे, मेळघाटात किंवा गडचिरोलीला जाणाऱ्यांनी आपापलं बदलून घ्या.

पहिल्या वेळी आम्ही काय केलं ते आधी सांगतो. १४ गाण्यांची यादी, प्रत्येकाची झेरॉक्स, पेटी, तबला-डग्गा, गिटार, स्पीकर, आणि बॅनर (हो, बॅनर, आता आठवलं की कसंतरी होतं). मुलं हाताची घडी घालून ओळीत बसलेली, आम्ही समोर सतरंजीवर, दोन तासांचा कार्यक्रम. तिसऱ्या गाण्याला दुसऱ्या ओळीतला एक पोरगा बसल्या जागी झोपला. पाचव्याला पाऊस आला, आणि पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आत काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल, माझी पेटी मलाच ऐकू येईना, तरी आम्ही वाजवतोय कारण यादीत अजून नऊ बाकी. मग खिचडीची सुट्टी झाली आणि बाहेर पडवीत पोरांनी रिकाम्या ताटल्यांवर बोटांनी असा काही ठेका धरला की आमचा तबलजी हातातला घास तसाच धरून ऐकत राहिला. मॅडम ओरडल्या, ठेका बंद. त्या अख्ख्या दिवसात मुलांनी आपणहून केलेलं संगीत तेवढंच, आणि ते पण आमच्यासमोर शोभत नाही म्हणून बंद पाडलं. परतीच्या जीपमध्ये कुणी फार बोललं नाही.

तेव्हापासून एका भेटीत एक गाणं. फार तर दीड.

तारीख आणि परवानगी

मुख्याध्यापक ओळखीचे असले तरी नुसतं फोनवर "येतो हां सर" एवढ्यावर जाऊ नका, उद्या काही झालं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने साधं एक पानी पत्र, कोण येणार, कधी, किती वेळ, काय करणार, पैसे घेणार नाही, सगळ्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडून, आणि एक प्रत केंद्रप्रमुखांना (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट). आश्रमशाळा असेल तर गोष्ट वेगळी, सरकारी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या असतात, तिथे जव्हारच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते, महिनाभर आधी कामाला लागा.

मुख्याध्यापकांशी पहिल्याच फोनवर बोलताना पट किती, खोल्या किती, शिक्षक किती, लाईट आहे का आणि त्या दिवशी केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, तर नाही ना, एवढं विचारून घ्या. शेवटचं फार महत्त्वाचं. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत, म्हणजे पाड्यावरच्या शाळेत पहिली ते चौथी चारही वर्ग दोघांत, त्यातला एक परिषदेला गेला की उरलेल्या एकाच्या डोक्यावर ही सगळी मुलं आणि वर तुम्ही सहा पाहुणे. संगीताचे वेगळे सर वगैरे डोक्यातून काढून टाका, कायद्यात कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितलाय तो सहावी ते आठवीला, तेही पट १०० च्या वर असेल तर.

कधी जायचं हे हवेवरून ठरवू नका. जुलैत भाताची लावणी, मोठी मुलं शेतावर. ऑक्टोबरात पहिल्या सत्राची परीक्षा आणि मग दिवाळीची सुट्टी. दिवाळीनंतर हवा मस्त असते म्हणून शहरातले सगळे तेव्हाच ठरवतात, पण भातकापणी उरकली की इथली कितीतरी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, पोरांना घेऊन, आणि परत येतात होळीला. म्हणजे डिसेंबरात पटावर ४० आणि समोर २२ असं होऊ शकतं. मार्चनंतर पाण्याची बोंब. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आणि टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात, यावर मी काय बोलणार, फक्त आपलं पिण्याचं पाणी आपण न्यायचं, शाळेचा हंडा रिकामा करायचा नाही. आम्ही पहिली भेट ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात ठेवतो (गणपती कधी आहेत ते बघून), दुसरी जानेवारीत आणि तिसरी होळी झाल्या झाल्या, कारण तेव्हा भट्टीवरची मुलं परत आलेली असतात आणि नेमकी तीच मुलं सगळ्यात जास्त वेळ शाळेबाहेर राहिलेली असतात.

काय न्यायचं

तबला नेऊ नका. तबलजी रुसेल, आमचाही रुसला होता. दमट हवेत पुडी (वरचं चामडं) सैल पडून सूर उतरतो, मग तो हातोडी घेऊन ठोकत बसतो आणि ४० मुलं बघत बसतात. बरं, मुलं हात लावायला आली की तो शाई (पुडीवरचा काळा गोल) जपणार, म्हणजे "हात लावू नको" हे सांगायला आपण एवढ्या लांब आलो का? चामड्याच्या डफाला पावसाळ्यात शेकायला विस्तव लागतो, त्यापेक्षा फायबर पानाचा डफ, दोन खंजिऱ्या, एक झांजेची जोडी बास झालं.

पेटी न्या पण चांगली नको. माझी घरातली डबल रीडची घरीच असते, प्रवासाला जुनी फोल्डिंगची पेटी, जिचा भाता आधीच एका कोपऱ्यात चिकटपट्टीवर आहे. कव्हरवरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी, आत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी दाबली की दाबलेलीच राहते, म्हणून स्क्रूड्रायव्हर बरोबर. आणि पेटीला प्रत्येक मुलाचा हात लागलाच पाहिजे, हे आधीच वेळेत धरा. ३४ मुलं, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे ११ मिनिटं नुसती त्यातच जातात, पण ती ११ मिनिटं वसूल असतात. बहुतेक सगळी मुलं आधी नुसती पट्टी दाबतात, आवाज येत नाही, मग माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. मग मागून कुणीतरी ओरडतं, "अरे ते मागचं हलव!" आणि भाता हलला की त्या पोराचा चेहरा बघायला मी दरवेळी पुढे वाकून बसतो.

बासरी, माउथ ऑर्गन, तोंडाने वाजवायचं काहीही रांगेत फिरवू नका, एक सर्दीवाला पुरतो. खुळखुळे तिथेच बनवा, आम्ही पाण्याच्या छोट्या रिकाम्या बाटल्या सोसायटीतून जमवून नेतो, खडे तिथे फुकट. चार खड्यांचा आवाज वेगळा, मूठभराचा वेगळा, आणि बाटली भरत आली की आवाज मरतो, हे सांगू नका, सापडू द्या. आमच्यातल्या एकीने पहिल्यांदा बाटलीत घालायला घरून तांदूळ आणलेले, तर खिचडी करणाऱ्या ताईंनी तिला हळूच बाजूला घेऊन सांगितलं की आमच्यात असं करत नाहीत. वारल्यांची कणसरी म्हणजे धान्याची देवी, आणि आपण तिला बाटलीत भरून बडवणार. लाज वाटली. ताई काही रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्तच वाटली.

तानपुऱ्याचं ॲप ऑफलाइन चालतं का ते घरीच एअरप्लेन मोड करून तपासा. रेंज नसतेच असं नाही, पण हवी तेव्हा नसते.

पट्टी (म्हणजे सा कुठल्या सुराला धरायचा), इथे सगळे चुकतात

पुरुष गायक काळी एक-दोनला (पेटीच्या सप्तकातली पहिली-दुसरी काळी पट्टी) गातो, मुलं त्याच्या आवाजाशी आवाज मिळवायचा म्हणून खाली उतरायला बघतात, उतरता येत नाही, मग गुरगुरतात, आणि आपण म्हणतो यांना सूर नाही. गायिका असेल तर ती काळी चार-पाचला, गाणं मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला गेलं की मुलांचा आवाज तिथेही संपतो. पहिली ते चौथीच्या पोरांचा गळा साधारण पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी एक ते पांढरी सहा एवढ्यात आरामात फिरतो. म्हणून सा पांढरी एकला धरा आणि सा ते धैवत यात बसणारंच गाणं घ्या, मंद्रात उतरणारं किंवा तार षड्जावर (वरच्या सा वर) जाऊन ठाण मांडणारं गाणं कितीही लाडकं असलं तरी यादीतून काढा. पुरुष शिकवत असेल तर ओळ आधी पेटीवर मुलांच्या सप्तकात वाजवून दाखवायची. किंवा त्याहून सोपं म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत एखादी मुलगी सुरात सापडतेच, तिला ओळ म्हणायला सांगा, बाकीचे तिच्या मागे बरोबर जातात, आपल्या मागे येत नाहीत.

आणि "अजून जोरात!" हे वाक्य घरी ठेवून या. शाळेत मुलांना ते इतक्यांदा ऐकवलेलं असतं की गाणं म्हणजे ओरडणं असा समज पक्का असतो, मानेच्या शिरा ताणून ओरडतात बिचारी. आम्ही सांगतो, शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे एवढंच म्हणायचं. दोन मिनिटांत वर्गाचा आवाज बदलतो, खोटं नाही सांगत.

तर गाणं कुठलं? माझं सरळ मत, बालभारतीच्या पुस्तकातली, त्या महिन्यात शिकवायची असलेली कविता घ्या. मॅडमचा अभ्यासक्रम पुढे सरकतो, शब्द पुस्तकात आहेत त्यामुळे झेरॉक्स लागत नाही, आणि तुम्ही गेल्यावरही गाणं मरत नाही कारण पुस्तक दप्तरातच आहे. शाळेत आधीच एखादी चाल रुळलेली असेल तर तीच घ्या, तिच्यात आपली हुशारी घालू नका. घरी ही मुलं वारली नाहीतर कोकणा बोलतात, पहिलीतल्या मुलाला आपली शहरी मराठी अर्धीच कळते, तेव्हा ओळ आखूड हवी आणि कळण्याआधी तोंडात बसणारी हवी.

सराव सोसायटीतल्या पाचसहा लहान मुलांना जमवून करा, मोठ्यांसमोर नको, मोठे कौतुक करतात. एकदा मिक्सर चालू ठेवून करा. हसू नका, पत्र्यावरच्या पावसाची तेवढीच तयारी होते. आमचा आता ठरलेला प्लॅन आहे, पाऊस आला की गाणं बंद आणि नुसता ठेका, टाळ्या-मांड्या-जमीन, पाऊस वाढला की आपणपण वाढायचं, कमी झाला की कमी. मंद-जोरात शिकवायला याच्यापेक्षा चांगला मास्तर नाही.

वर्गात

एक तासिका ३५ मिनिटांची धरा, एका गटाला त्याहून जास्त नको. आत गेल्यावर ओळख-भाषण-स्वागत-नारळ यात पंधरा मिनिटं जातात, मुख्याध्यापकांना आधीच विनंती करा की सत्कार नको, करायचाच तर शेवटी. मुलांना गोलात बसवा आणि आपणपण त्याच गोलात खाली बसा, दोन मुलांच्या मधे एक दादा किंवा ताई. सर-मॅडम म्हणवून घेऊ नका, ते त्यांच्याकडे आहेत. सुरुवात बोलून नाही, टाळीने करायची, चार मात्रांचा एक तुकडा वाजवायचा आणि थांबायचं, काही न सांगता. मुलं परत वाजवतात. मग दुसरा तुकडा. मग एखाद्या मुलाकडे हात करायचा, आता तू दे. लाजतो, बाजूच्याच्या मागे लपतो, सोडून द्यायचं, पुढच्याकडे जायचं, दहा मिनिटांनी तोच बाहीला ओढून सांगतो की आता माझा नंबर.

केरवा, दादरा ही नावं सांगायची गरज नाही. आठ मोजता आले, सहा मोजता आले की झालं. नावं नंतर कधीतरी. सा रे ग म चा तक्ता तर अजिबात नको.

गाण्याची ओळ आधी तीनदा नुसती ऐकवायची, म्हणू द्यायची नाही. ही मुलांना सगळ्यात कठीण जाणारी गोष्ट, तिसऱ्या वेळी ओठ हलायला लागलेले दिसतात, तेव्हाच सांगायचं आता म्हणा. चुकलं तर "चुकलं" म्हणायचं नाही, आपण परत बरोबर म्हणायचं.

शेवटची दहा मिनिटं त्यांची. तुमच्याकडचं शिकवा आम्हाला. पहिल्या भेटीत बहुतेक टीव्हीवरचं नाहीतर मोबाइलवरचं डीजेचं गाणं येतं, येऊ दे, तोंड वाकडं करू नका. घरातलं, लग्नातलं गाणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला येतं. आणि आलं की ते आपण शिकायचं, खरंच शिकायचं, चुकायचं. आम्ही एका लग्नाच्या गाण्यात चौथ्यांदा चुकलो तेव्हा तिसरीतल्या एका बाईसाहेबांनी कमरेवर हात ठेवून आम्हाला तेच सांगितलं, आधी ऐका, मग म्हणा.

तारप्याचं तेवढं वेगळं सांगतो. शहरातून गेलेल्या प्रत्येकाला तारपा, हे इथलं आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, बघायचा असतो. वाळलेल्या भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, मेणाने सांधलेला, तोंडाशी ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो, भोवती हातात हात गुंफून नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले भिकल्या लाडक्या धिंडा शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे. पण तारपा हा कधीही मागवावा असा आयटम नाही, नव्या भाताच्या दिवसांशी तो बांधलेला आहे. आम्ही जानेवारीत एका आजोबांना "वाजवून दाखवा ना" म्हणालो, ते हसले आणि तोंडानेच चाल म्हणून दाखवली. पोरांनी बसल्या जागी पायाने धरली. आमचा गिटारवाला ती चाल अजून शोधतोय, त्याच्या म्हणण्यानुसार ती त्याच्या पडद्यांच्या मधे कुठेतरी आहे.

फोटो, आणि बाकी सांभाळायच्या गोष्टी

आमच्यातल्याच एकाने दुसऱ्या वर्षी परतीच्या वाटेवरच रील टाकली, मुलांचे चेहरे, शाळेच्या नावाची पाटी, सगळं. उत्साहात टाकली, मान्य. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांना वरून विचारणा, परवानगी कुणी दिली म्हणून, आणि पुढचं वर्षभर त्या शाळेने आमचा फोन थंडपणेच घेतला. तेव्हापासून फोटो काढायला एकच माणूस, तेही मॅडमनी सांगितलं तर, आणि शक्यतो मुलांच्या पाठीमागून किंवा नुसत्या हातांचे, आणि आधी शाळेला पाठवून मगच कुठे टाकायचे. कुणीही एकटं कुठल्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, शिक्षक कायम वर्गात हवेत. पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) २०१२ पासून आहे, नवीन माणूस ग्रुपमध्ये घेताना त्याला हे तोंडावर सांगायचं, वाईट वाटलं तर वाटू दे. शिक्षक वर्गात बसण्याचं दुसरं कारण म्हणजे गाणं पुढे तेच चालवणार आहेत. तुम्ही शिकवताय म्हणून ते ऑनलाइन माहिती भरायला ऑफिसात गेले तर गाणं त्याच दिवशी संपलं समजा.

चॉकलेट वाटू नका. एकदा वाटलं की पुढच्या वेळी मुलं पेटीकडे नाही, पिशवीकडे बघतात.

वाद्यं शाळेला भेट द्यायची फार हौस असते लोकांना. पेटी देऊ नका. ती डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या सामानाची नोंदवही) चढते, रजिस्टरला चढली की तिची जबाबदारी येते, जबाबदारी आली की ती कपाटात जाते, आणि कपाटात उंदीर भाता खातात. मी स्वतः असं कपाट उघडून बघितलंय, कुणीतरी फार प्रेमाने दिलेली पेटी होती, वर नावाची पाटीसुद्धा. त्यापेक्षा खंजिरी, झांजा, मोडल्या तरी कुणाला हिशोब द्यावा लागणार नाही असं काहीतरी, आणि मॅडमच्या व्हॉट्सॲपवर त्या कवितेचे दोन ऑडिओ पाठवा, एक गायलेला, एक नुसती पेटी आणि ठेका, मुलांच्या पट्टीत. हा दुसरा ऑडिओ खरा कामाचा, परिपाठाला लावतात.

प्रवासाचं थोडक्यात. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे खोडाळ्याकडे जीप. पेटी टपावर टाकायची नाही, मांडीवर घ्यायची. टॉर्च, ओआरएस, डासांचं मलम, सुके मोजे, आपापली ताटली. बायकांनी शाळेतल्या टॉयलेटची चौकशी मॅडमकडे आधीच करावी, सरांकडे नको, ते "आहे आहे" म्हणतात. जेवण शाळेतल्या खिचडीत धरू नका, ती मुलांच्या हिशोबाने शिजते, आम्ही घरून पोळी-चटणी नेतो. सहा जणांचा दोन दिवसांचा खर्च राहण्यासकट आम्हाला ९-१० हजारांत पडतो, तो आपसात वाटायचा, शाळेकडे विषयसुद्धा काढायचा नाही.

पुढच्या भेटीची तारीख निघण्याआधी फळ्यावर लिहून या, कोपऱ्यात, आणि ती पाळता येणार असेल तरच लिहा. आणि चारच्या आत शाळेतून निघा, संध्याकाळी जीप मिळेनाशा होतात, एकदा आम्ही "अजून एकच गाणं" करत थांबलो आणि मग टोमॅटोच्या टेम्पोत क्रेटवर बसून कसाऱ्याला आलो, पेटी मांडीवर.